मानवी हक्क आयोग व आपले कर्तव्य



कोठडीत कोणी दगावला, तर ज्यांच्या ताब्यात तो होता त्यांनीच चौकशी केल्याने आप्तांचे समाधान कसे व्हावे? राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ साली स्थापन झाला, आणि अशा मृत्यूची वर्दी चोवीस तासांत द्यावी, असे त्याने त्याच वर्षी राज्यांना कळविले. आयोगाच्या तपास विभागात पोलीस खात्यातूनच अधिकारी येतात, व त्याची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. हे व्यंग आम्ही झाकू इच्छीत नाही. तरीही तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. साधा अर्ज पुरतो. मात्र घटनेस वर्ष उलटले की आयोग चौकशी करीत नाही. आपल्याकडील शोकाकुल घर तर वर्षश्राद्धापर्यंत मौनच धरते! म्हणून असे अर्ज वेळीच लिहून देण्याचे काम आपल्या मंडळाने अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.