आवाज सारखा, म्हणजे नक्कलच का?

श्रोतेहो, लग्नसराईत लागोपाठ दोन वराती ऐकल्या की त्यात एक जाणकार निघतोच. तो मान हलवून सांगतो, ‘या बेंजोवाल्यानं त्या पार्टीचं उचललंय.’ ऐकणारेही माना डोलावतात आणि विषय संपतो. ज्याच्याबद्दल हे बोललं गेलं त्याचा विषय मात्र तिथं संपत नाही. ‘नकलाकार’ हा शिक्का एकदा बसला की पुढच्या वर्षीची सुपारी देताना लोक भाव पाडतात. म्हणून आज एवढंच पाहू, की एका वाजवणाऱ्याच्या आवाजावर दुसऱ्याचा परिणाम झाला हे ठरवायचं तरी कसं?

तेरखेड्याच्या लोकांना हे समजायला मुळीच अवघड नाही. हे गाव फटाक्यांचं. दोन वेगवेगळ्या कारखान्यांतले सुतळी बॉम्ब एकापाठोपाठ एक उडवले, तर डोळे मिटून कुठला कुणाचा हे सांगता येईल का? तरीही अमक्यानं तमक्याचा आवाज चोरला असं कुणी म्हणत नाही. दारू तीच, कागद तोच, सुतळी तीच, करणारे हात एकाच गावात शिकलेले. मग धडाका वेगळा कसा निघणार? माल एक असला की आवाज सारखा येतो. संगीतालाही हा नियम बऱ्याच अंशी लागू पडतो, पण तिथं आपण तो विसरतो.

आता बेंजोच घ्या. ज्याला आपण बेंजो म्हणतो, त्याचं नाव अमेरिकेतलं. तिकडचा बँजो म्हणजे कातड्यानं मढवलेलं, लांब मानेचं वाद्य. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी आपल्या मायदेशाच्या वाद्यांच्या आठवणीतून ते घडवलं. आपल्या बेंजोला ना कातडं ना तशी मान. आपलं वाद्य जपानच्या ‘ताइशोगोतो’चं भावंड. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी ते 1912 मध्ये तयार केलं. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या आणि वर टंकलेखन यंत्रासारखी बटणं. एका हातानं छोट्या पट्टीनं तारा छेडायच्या, दुसऱ्या हातानं बटणं दाबून सूर काढायचे. पुढे हे वाद्य हिंदुस्थानात आलं आणि ‘बुलबुलतरंग’ झालं. तिकडे बलुचिस्तानात त्यालाच ‘बेंजू’ म्हणतात आणि तिथल्या वादकांनी त्यावर आपलं लोकसंगीत बसवलं. आपल्याकडे त्याला पिकअप लागला, अँप्लिफायर लागला, कर्णे लागले, सोबतीला ढोलकी, ताशा आणि पुढे ऑक्टोपॅड आला. अशी आपली बेंजो पार्टी उभी राहिली.

म्हणजे नाव अमेरिकेचं, सांगाडा जपानचा, चाल सिनेमाची आणि ठेका आपल्या मातीतला. एवढ्या उसनवारीतून तयार झालेल्या आवाजात एका पार्टीनं दुसरीचं नेमकं काय घेतलं, हे शोधायला जरा धीर हवा.

असाच वाद गिटारच्या दुनियेत साठ वर्षं चालू आहे, आणि त्यातली एक गोष्ट फार शिकवणारी आहे. तारांचा खणखणीत, किणकिणता आवाज हीच ज्यांची ओळख, असे काही गिटारवादकांचे गट इंग्लंड-अमेरिकेत होऊन गेले. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांना फेब्रुवारी 1964 मध्ये न्यूयॉर्कला रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची विजेवर चालणारी गिटार मिळाली. त्याच वर्षी आलेल्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या चित्रपटात तिचा आवाज घुमला. अमेरिकेतल्या रॉजर मॅग्विन यांनी तो चित्रपट पाहिला आणि तशीच बारा तारांची गिटार घेतली. त्यांच्या ‘द बर्ड्‌स’ या गटानं 1965 मध्ये बॉब डिलन यांचं ‘मिस्टर टँबुरिन मॅन’ त्या गिटारवर असं वाजवलं, की ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

इथं बीटल्सचा परिणाम बर्ड्‌सवर झाला हे नक्की. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. बर्ड्‌सनी ध्वनिमुद्रणात कॉम्प्रेसर नावाच्या यंत्राचा आधार घेतला. त्यामुळे तारेचा सूर लवकर विरत नसे, लांबत राही. ही त्यांची स्वतःची भर. मग त्याच वर्षअखेरीस आलेल्या बीटल्सच्या ‘रबर सोल’ या संग्रहात हॅरिसन यांचं ‘इफ आय नीडेड समवन’ हे गाणं होतं. त्यातली गिटारची ओळ बर्ड्‌सच्या ‘द बेल्स ऑफ रिम्नी’वरून सुचल्याचं हॅरिसन यांनी स्वतःहून मॅग्विन यांना कळवलं. ज्यानं दिलं, त्यानंच परत घेतलं आणि तसं सांगितलंही. देणारा लहान झाला नाही, घेणाराही नाही.

या साखळीची एक कडी आपल्या मुंबईत आहे. हॅरिसन यांना पंडित रविशंकर यांच्या संगीताची ओढ लागली, त्यात बर्ड्‌सच्या मंडळींशी 1965 मध्ये झालेल्या गप्पांचाही वाटा होता. पुढच्याच वर्षी ते सतार शिकायला मुंबईत आले. जानेवारी 1968 मध्ये त्यांनी मुंबईतच आपल्याकडच्या वादकांना घेऊन एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. आवाज असे गावोगाव हिंडतात आणि ज्या दारात जातात तिथं थोडं ठेवून थोडं घेऊन निघतात.

आता याच्या उलट उदाहरण. 1983 मध्ये अमेरिकेतल्या अथेन्स या गावचा ‘आर.ई.एम.’ आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा ‘द स्मिथ्स’ हे दोन नवे गट रसिकांच्या कानावर आले. दोघांच्याही गिटारी किणकिणत्या, आणि दोघांची तुलना लगेच बर्ड्‌सशी होऊ लागली. आर.ई.एम.ची पहिली तबकडी 1981 ची. स्मिथ्स हा गट स्थापनच झाला 1982 मध्ये. तेव्हा सरळ निष्कर्ष काढायचा, की धाकट्यानं थोरल्याचं घेतलं? तारखा तसं म्हणू देतात. पण आधी जन्मला म्हणून तो बाप ठरत नाही. स्मिथ्सचे गिटारवादक जॉनी मार यांनी आपल्यावर ज्यांचा परिणाम झाला म्हणून सांगितलं, त्यांत बर्ट जान्श हे स्कॉटिश लोकसंगीताच्या वळणाचे वादक आहेत आणि ‘प्रिटेंडर्स’ गटाचे जेम्स हनीमन-स्कॉट आहेत. म्हणजे नदी वेगळी, घाट वेगळा, आणि पाणी मात्र चवीला सारखं लागतं. अशा वेळी ‘एकाच काळातले दोन शेजारी’ एवढंच म्हणावं. बाप-लेकाचं नातं जोडायची घाई करू नये.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की परीक्षा कशी करायची ते दिसतं. पहिला प्रश्न, आधी कोण? तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. दुसरा प्रश्न, त्याच्या कानापर्यंत ते पोचलं कसं? मॅग्विन यांच्या बाबतीत चित्रपट हा पुरावा होता. तिसरा प्रश्न, दोघांनी एकाच तिसऱ्याकडून तर घेतलं नाही ना? आणि चौथा, वाद्य, यंत्र आणि बाजार या तिघांनी मिळून दोघांनाही एकाच वळणावर आणलं नाही ना? या चारही प्रश्नांतून जे शिल्लक उरेल, त्यालाच परिणाम म्हणावं.

आणखी एक भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे. चाल घेणं वेगळं आणि बाज घेणं वेगळं. आपलं ऋण मोकळेपणानं सांगणाऱ्या याच हॅरिसन यांच्यावर ‘माय स्वीट लॉर्ड’ या 1970 च्या गाण्याबद्दल खटला झाला. ‘द शिफॉन्स’ या गटाच्या 1963 मध्ये गाजलेल्या ‘ही इज सो फाइन’ या गाण्याची चाल त्यांच्याकडून नकळत उचलली गेली, असा निकाल अमेरिकी न्यायालयानं 1976 मध्ये दिला. चालीला मालक असतो. पण बारा तारांच्या खणखणाटाला मालक नसतो. तसा असता, तर बर्ड्‌स कुणी ऐकलेच नसते.

आता पुन्हा आपल्या वरातीकडे येऊ. दोन बेंजो पार्ट्या सारख्या वाजतात, कारण दोघांकडे एकाच घडणीचं वाद्य आहे, दोघांचे कर्णे सारखे आहेत आणि वऱ्हाडी दोघांकडेही तेच गाणं मागतात. 2016 मध्ये ‘सैराट’ आला आणि अजय-अतुल यांचं ‘झिंगाट’ वरातीवरातीत वाजू लागलं. ते सगळ्यांनीच वाजवलं, मग कुणी कुणाचं घेतलं? सगळ्यांनी सिनेमाचं घेतलं. आणि सिनेमानं? त्याच वर्षी रवी जाधव यांनी बेंजोवादकांवर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटच काढला. रस्त्यावरचा बाज पडद्यावर जातो आणि पडद्यावरची चाल रस्त्यावर येते. हॅरिसन आणि मॅग्विन यांच्यात झाली तशीच ही देवघेव, फक्त इथं निरोप कळवायची रीत नाही.

आपल्या भागात आणखी एक मोह होतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीपुढे किंवा तुळजापुरात गोंधळ्याचं तुणतुणं ऐकलं, की बेंजोच्या आधारतारांची झणझण तिथूनच आली असं म्हणावंसं वाटतं. कान दोन्हीला एकाच सुखानं प्रतिसाद देतो हे खरं. पण एकच सूर धरून ठेवणारी तार जपानी वाद्याबरोबरही येऊ शकते आणि आपल्याकडेही आधीपासून असू शकते. तुणतुण्यानं बेंजो घडवला असं नाही. तुणतुण्यानं आपला कान तयार केला, म्हणून बेंजो आपल्याला परका वाटला नाही, एवढं म्हणणं मला अधिक रास्त वाटतं.

मग वादकाची स्वतःची कमाई कशात पाहायची? बटणावर बोट किती वेळ रेंगाळतं, ढोलकीशी त्याची सवालजवाबाची जागा कुठं येते, गाणं संपवून दुसऱ्यात शिरताना तो मधली वाट कशी काढतो, यात पाहायची. ते माल-मसाल्यातून मिळत नाही आणि शेजाऱ्याकडून सहजी उचलताही येत नाही. आज डीजेच्या भिंतींपुढे हाताने वाजवणाऱ्यांच्या सुपाऱ्या कमी होत असताना तर हे ऐकणं जास्तच गरजेचं आहे. भिंतीतून येणारं गाणं गावोगाव खरोखरच एकसारखं असतं. बेंजोचं तसं नसतं, पण ते कळायला दोन मिनिटं उभं राहावं लागतं.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी ‘यानं त्याचं उचललं’ हे वाक्य ओठावर आलं, तर आधी त्या वादकालाच विचारा, ‘तुम्ही कुणाचं ऐकून शिकलात?’ बहुतेक वादक मोकळेपणानं नाव सांगतात, आणि सांगताना कानाला हात लावतात.