रिकाम्या आकाशाकडे दहा दिवस

(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सध्या एप्रिल आहे. रात्री जेवणं आटोपून विहाराच्या गच्चीवर गेलं, की उत्तरेला सप्तर्षी दिसतात. चार ताऱ्यांचा पतंग आणि तीन ताऱ्यांची शेपटी. रस्त्यावरच्या दिव्यांनी बाकीचे तारे गिळून टाकलेत, ती गोष्ट वेगळी. शेपटी जिथे पतंगाला जोडली आहे, त्याच्याजवळ एक जागा आहे. तिथे आपल्याला काहीच दिसत नाही. त्या काळोखाविषयीच आम्ही बोलणार आहोत.

१९९० साली हबल ही दुर्बीण अवकाशात गेली. तिचा आरसाच चुकीचा घासला गेला होता! फोटो धूसर आले, जगभर थट्टा झाली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन ती दुरुस्त केली. म्हणजे एकदा नाचक्की होऊन गेलेली. तिचा वेळ मिळावा म्हणून देशोदेशीचे शास्त्रज्ञ रांगेत उभे. आणि हबलचे काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातला वेळ कशाला द्यावा? तर या रिकाम्या जागेला! शंभर मीटरवर धरलेल्या टेनिसच्या चेंडूएवढी जागा. जाणत्या मंडळींनी बजावले, की हाती काही लागायचे नाही, पुन्हा हसे होईल.

१८ ते २८ डिसेंबर १९९५, दहा दिवस दुर्बीण तिथेच रोखून धरली. ३४२ फोटो घेऊन एकत्र जुळवले, तर तिथे सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अफाट वस्ती. आपल्या शेजारची देवयानी दीर्घिका घ्या, तिचा प्रकाश इथे पोचायला २५ लाख वर्षे लागतात. या चित्रातल्या काही दीर्घिकांच्या प्रकाशाला तर १० अब्ज वर्षांहून अधिक लागली. विल्यम्स यांनी ही सारी माहिती लपवून न ठेवता सर्वांसाठी खुली केली, हे आम्हांस विशेष वाटते.

पण हा झाला एका चेंडूएवढा तुकडा. बाकीच्या आकाशाचे काय? त्यासाठी युरोपने १ जुलै २०२३ रोजी युक्लिड दुर्बीण सोडली. ती १५ लाख किलोमीटर दूर राहून सहा वर्षांत आकाशाचा एक तृतीयांश भाग टिपणार आहे. कशासाठी? तर विश्वातला सुमारे ९५ टक्के भाग कशाचा आहे, हेच माणसाला अजून उमगलेले नाही. जाड काचेतून पाहिले की अक्षरे वाकडी दिसतात ना, तसा वाटेतल्या अदृश्य पदार्थाच्या ओढीने दूरच्या दीर्घिकांचा आकार किंचित वाकडा दिसतो. कोट्यवधी दीर्घिकांचा हा वाकडेपणा मोजला, की न दिसणाऱ्या पदार्थाचा नकाशा निघतो.

तिथेही विघ्न आलेच. पृथ्वीवरूनच सोबत गेलेल्या पाण्याचा अगदी पातळ बर्फ आरशावर धरला. मार्च २०२४ मध्ये एक आरसा थोडा गरम केला आणि दृष्टी परत आली. मग मार्च २०२५ मध्ये पहिला हप्ता प्रसिद्ध झाला. तेवढ्यातच २ कोटी ६० लाख दीर्घिका. आणि हा ठरलेल्या कामाचा अर्धा टक्कासुद्धा नाही बरं का!

असो. भोजनदानानंतर ज्या मुलांना तो पतंग ओळखायचा आहे, त्यांनी गच्चीवर यावे. वरचा दिवा तेवढा मालवायला सांगितला आहे.