रात्रींचा पंप आणि दुकानदाराची परवानगी

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या कांठापर्यंत पसरलेला रावेर तालुका केळीसाठीं प्रसिद्ध आहे. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि तांदलवाडीसारख्या गांवचा माल समुद्रापार गेला, हें श्रोत्यांस ठाऊक असेलच. परंतु केळीचें पीक पाण्यावर जगणारें. वैशाखाच्या उन्हांत पाण्याची पाळी चुकली तर त्याचें प्रायश्चित्त घडाच्या वजनांत भोगावें लागतें. विहिरीला पाणी असलें तरी तें वर काढण्यास वीज हवी, आणि शेतीची वीज पाळीपाळीनें, कधीं दिवसा तर कधीं रात्रीं येते. रात्रींची पाळी असली म्हणजे मालकानें किंवा सालदारानें हातांत बॅटरी घेऊन, साप-विंचवाचें भय मनांत वागवीत, बांधाबांधानें विहीर गांठावी, ही या भागाची जुनी रीत. आणि पुष्कळ ठिकाणीं ती अद्याप सुटलेली नाहीं.

ही रात्रींची फेरी वांचावी म्हणून ज्यांनीं बुद्धि खर्चिली त्यांत पुण्याचे श्री. संतोष ओस्तवाल यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. मोबाईल फोनवरून दूरच्या पंपाची कळ फिरविणारें त्यांचें ‘नॅनो गणेश’ हें उपकरण २००९ सालीं नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत पारितोषिकास पात्र ठरलें. आज त्या धर्तीच्या स्टार्टरच्या पेट्या अनेक ठिकाणीं तयार होतात. पेटींत एक सिमकार्ड असतें. शेतकऱ्यानें फोन केला कीं मोटार चालूं होते, आणि वीज आली, मोटार सुरू झाली किंवा विहीर कोरडी पडली, तर पेटी उलट संदेश धाडते. यंत्रानें माणसास हांक मारावी, असा हा प्रकार आहे.

पण हांक ऐकूं आली पाहिजे! रात्रीं दोन वाजतां संदेश आला आणि फोन मुका करून उशाशीं ठेवलेला असला, तर त्या संदेशाचा उपयोग काय? येथें घरांतील शिकलेला मुलगा पुढें सरसावतो. तो वडिलांच्या फोनवर ‘टास्कर’ किंवा ‘मॅक्रोड्रॉइड’ यांसारखें ॲप घालतो आणि त्याला आज्ञा देऊन ठेवतो: अमक्या क्रमांकावरून वीज आल्याचा संदेश आला, तर फोन मुका असला तरी भोंगा वाजव, आणि मोटार सुरू झाल्याचा दुसरा संदेश पंधरा मिनिटांत न आल्यास पुन्हां वाजव. यासच फोनचें स्वयंचालन म्हणतात. आज्ञा एकदां लिहावी, आणि फोननें ती रोज विनातक्रार पाळावी, एवढेंच त्याचें तत्त्व आहे.

आतां असें समजा कीं, एके रात्रीं भोंगा वाजत नाहीं. वीज येते आणि जाते. मळा कोरडा राहतो. पेटी शाबूत, फोन शाबूत, मुलानें लिहिलेली आज्ञाही जशीच्या तशी. बदललेला असतो तो फक्त एक नियम, आणि तो बदलणारा रावेरपासून हजारों कोस दूर बसलेला असतो. केळीचा भाव दुसऱ्यानें ठरवावा आणि आपण तो फळ्यावर वाचावा, याची या तालुक्याला संवय आहे. पण स्वतःच्या खिशांतील फोननें काय करावें हेंही दुसरा ठरवितो, हें पुष्कळांच्या ध्यानांत आलेलें नाहीं.

हें कसें घडतें तें थोडक्यांत पाहूं. अँड्रॉइड फोनवरील बहुतेक ॲपें गूगल कंपनीच्या ‘प्ले स्टोअर’ या दुकानांतून येतात. संदेश वाचणें, फोनची नोंद पाहणें, पडद्यावरील कळा माणसाच्या वतीनें दाबणें, अशा प्रत्येक कामास निराळी परवानगी लागते. ती फोनच्या मालकानें द्यावयाची असते खरी. परंतु ती मागण्याचा अधिकार कोणत्या ॲपास असावा, हें दुकानदार ठरवितो. म्हणजे एका दाराला दोन कुलुपें आहेत, आणि त्यांपैकीं एकाचीच किल्ली मालकाजवळ आहे.

पहिला मोठा धक्का २०१७ च्या नोव्हेंबरांत बसला. अपंग व्यक्तींच्या सोयीसाठीं अँड्रॉइडमध्यें एक खास सेवा आहे. तिच्या योगें ॲपाला पडदा वाचतां येतो व कळा दाबतां येतात. स्वयंचालनाचीं ॲपें तिचाच आधार घेत. अपंगांच्या साह्यासाठीं नसलेला हा वापर तीस दिवसांत थांबवावा, नाहीं तर ॲप दुकानांतून काढलें जाईल, असें पत्र कंपनीनें ॲपकर्त्यांस धाडलें. मोठी ओरड झाली, आणि डिसेंबरांत कंपनीनें तो निर्णय स्थगित करून पुनर्विचार आरंभिला. पुढें या सेवेचा उपयोग कशासाठीं केला जातो हें जाहीर करून वापरणाराची स्पष्ट संमति घ्यावी असे नियम आले. आणि ११ मे २०२२ पासून तिच्या साह्यानें फोनवरील संभाषण मुद्रित करण्यास बंदी झाली.

दुसरा धक्का आपल्या पंपाच्या अधिक जवळचा. ८ ऑक्टोबर २०१८ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, संदेश पाठविण्यासाठीं किंवा फोन लावण्यासाठीं मालकानें मुख्य म्हणून निवडलेल्या ॲपाखेरीज इतरांस यापुढें एसएमएस व कॉलची नोंद वाचतां येणार नाहीं. मुदत ९ जानेवारी २०१९ ची. अर्ज करणारांपैकीं कांहींना ती ९ मार्चपर्यंत वाढवून मिळाली. टास्कर हें ॲप त्याच वर्षीं पोर्तुगालचे झुआंव दियाश यांच्या हातीं आलें होतें. त्यांनीं गप्प न बसतां वापरणारांस साद घातली, कंपनीकडे गाऱ्हाणें नेलें. आणि अखेर अपवादांच्या यादींत ‘कार्यांचें स्वयंचालन’ हा प्रकार घालण्यांत आला. टास्कर वांचलें. ज्यांना असा आवाज उठवितां आला नाहीं त्या पुष्कळ लहान ॲपांनीं त्या सोयी गाळल्या किंवा आपला गाशा गुंडाळला.

येथवर ऐकून कोणी म्हणेल कीं, दुकानदार केवळ अरेरावी करतो. तसें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. जी परवानगी पेटीचा संदेश वाचते, तीच बँकेनें धाडलेला गुप्त अंकही वाचते. पीएम-किसान योजनेचें, वाहनाच्या दंडाचें, किंवा लग्नपत्रिकेचें सोंग घेतलेली एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते. भोळा माणूस ती उघडतो, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नास ‘हो’ म्हणतो, आणि त्याच्या फोनवर येणारा प्रत्येक गुप्त अंक चोराच्या फोनवर जाऊं लागतो. केळीच्या पट्टीचे पैसे खात्यांत पडावेत आणि संध्याकाळच्या आंत नाहींसे व्हावेत, यासारखी दुसरी आपत्ति नाहीं. तेव्हां कुलूप हवेंच. कुलूप असावें कीं नसावें हा वाद नसून, त्या कुलुपानें चोराबरोबर घरधनीही बाहेर राहतो, तेव्हां त्याची दाद कोणी घ्यावी, हा खरा प्रश्न आहे.

ॲप करणाराची बाजूही पाहिली पाहिजे. २०१८ पासून दुकानाचा दंडक असा कीं, ॲप दरवर्षीं अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीस अनुसरून पुन्हां घडविलें पाहिजे, एरव्हीं त्यांत सुधारणा दाखल करतां येणार नाहीं. नव्या आवृत्तींत जुन्या मोकळिकी आटतात. २०१९ च्या अँड्रॉइड १० ला अनुसरून लिहिलेल्या साध्या ॲपास वाय-फाय आपण होऊन चालूं-बंद करतां येत नाहीं. म्हणून मॅक्रोड्रॉइडच्या कर्त्यांस असल्या कामांसाठीं दुकानाबाहेरून घ्यावयाचें एक साहाय्यक ॲप द्यावें लागलें. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यानें वैयक्तिक खातें उघडलें, त्यानें ॲप सर्वांसाठीं खुलें करण्यापूर्वीं वीस माणसांकडून सलग चौदा दिवस त्याची परीक्षा करवावी असा नियम झाला. डिसेंबर २०२४ मध्यें ती संख्या बारावर आली. मोठ्या कंपनीस हें कांहींच नाहीं. पण गांवच्या गरजेपुरतें एखादें ॲप फावल्या वेळांत करणाऱ्या तरुणास प्रत्येक नवा फॉर्म ही एक चढणच असते, आणि फुकट दिलेल्या वस्तूसाठीं तो किती चढणी चढेल?

दुकान नको असेल तर बाहेरून घ्यावें, ही वाटही अरुंद होत चालली आहे. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून घेतलेल्या ॲपास ती पडदा वाचण्याची सेवा किंवा सूचना वाचण्याची मुभा सहजीं देतां येत नाहीं. सेटिंगमध्यें जाऊन निराळें कुलूप उघडावें लागतें. संदेश वाचूं मागणारीं बाहेरचीं ॲपें फोनवर चढतांनाच अडविण्याचा प्रयोग कंपनीनें २०२४ च्या फेब्रुवारींत सिंगापुरांत जाहीर केला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत भारतासाठींही जाहीर केला. ऑगस्ट २०२५ मध्यें तर अशी घोषणा झाली कीं, ॲप कोठूनही येवो, त्याच्या कर्त्यानें आपली ओळख कंपनीकडे पटविलेली असली पाहिजे. आरंभ सप्टेंबर २०२६ मध्यें ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथें, आणि २०२७ पासून इतरत्र. विरोध झाल्यावर, जाणत्या वापरणारांसाठीं निराळी वाट ठेवूं, असें कंपनीनें नोव्हेंबरांत सांगितलें.

आपल्या देशांतही या प्रश्नाचा खल झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानें २० ऑक्टोबर २०२२ रोजीं गूगलला १३३७.७६ कोटि रुपयांचा दंड केला, आणि दुकानाबाहेरून ॲप देण्यास अडथळा करूं नये असाही एक आदेश त्यांत होता. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानें मार्च २०२३ मध्यें दंड कायम ठेवला, परंतु नेमका तो आदेश रद्द केला. पंपाचा भोंगा हा अशा रीतीनें न्यायासनापर्यंत पोंचलेल्या एका मोठ्या वादाचा धाकटा भाऊ आहे.

मग करावें काय? दुकानदाराकडून अपेक्षा तीनच, आणि त्या कोणत्याही सचोटीच्या पेढीकडून करतां येतील अशा आहेत. नियम बदलण्यापूर्वीं पुरेशी सूचना द्यावी. नाकारलेल्यास कारण सांगावें. आणि त्याचें म्हणणें ऐकणारा कोणी माणूस असावा. २०१७ ची माघार आणि २०१८ चा अपवाद या दोहोंवरून एवढें सिद्ध होतें कीं, ऐकून घेतल्यानें सुरक्षितता बुडत नाहीं. शिवाय कुलूप लहानही करतां येईल: सर्व संदेश वाचण्याची परवानगी देण्याऐवजीं, मालकानें निवडलेल्या एकाच क्रमांकाचे संदेश वाचण्यापुरती परवानगी असती, तर पेटीचा निरोप पोंचला असता आणि बँकेचा अंक झांकलेला राहिला असता.

शेतकऱ्यानें मात्र दुकानदाराच्या शहाणपणाची वाट पाहत बसूं नये. पेटीचा क्रमांक फोनमध्यें नांवानें नोंदवून तो निवडक क्रमांकांत घालावा, त्यास निराळी घंटा द्यावी, आणि फोन मुका असतांही त्या क्रमांकास सूट द्यावी. बहुतेक फोनांत ही सोय मूळचीच असते, तिला कोणतेंही ॲप लागत नाहीं. संदेशाऐवजीं फोनच लावण्याची सोय पेटींत असेल तर ती पत्करावी. स्वयंचालनाचें ॲप वापरावयाचेंच असेल तर तें दुकानांतून घ्यावें, मुलानें लिहिलेल्या आज्ञा वहींत उतरवून ठेवाव्या, आणि फोन किंवा ॲप अद्ययावत झाल्यावर त्याच दिवशीं, उजेडीं, एकदां पंप लावून परीक्षा पाहावी. बँकेचा व्यवहार शक्य तर दुसऱ्या फोनवर ठेवावा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कोणाच्याही नांवानें आली तरी उघडूं नये. आणि फसगत झालीच तर लाजेनें वेळ न दवडतां १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

दार चोरासाठीं बंद असावें आणि घरधन्यासाठीं उघडावें, एवढीच मागणी आहे. ती पुरी होईपर्यंत बॅटरी चार्ज करून दाराशीं ठेवणारा शेतकरी मागासलेला नव्हे. तो सावध आहे. वीज येईल तेव्हां येईल. पाण्याची पाळी चुकूं नये, ही काळजी त्याची आहे, आणि ती कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.