घरातील श्वासयंत्र : कोणाला कोणते?



सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट विकार केवळ विडी ओढणाऱ्यांनाच जडतो, ही समजूत खरी नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील या विकाराचा आढावा घेतला. त्यात चुलीच्या धुराला मोठे स्थान आहे. व्यसनाला कधी न शिवलेल्या, परंतु पऱ्हाटी-तुराटी आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक करण्यात हयात गेलेल्या वृद्ध माता रिठदसारख्या गावात घरोघरी आढळतील.

त्यांच्यासाठी यंत्र आणावयाचे ठरले की कुटुंबीय गोंधळतात. कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप ही परस्परांच्या जागी चालणारी यंत्रे नव्हेत. कॉन्सन्ट्रेटर हवेतील नायट्रोजन वेगळा करून नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू नळीवाटे पुरवितो. श्वास मात्र रुग्णानेच ओढावयाचा असतो. बायपॅप प्राणवायू तयार करीत नाही. ते मुखवट्यातून हवेचा दाब देऊन थकलेल्या स्नायूंचा भार हलका करते व साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडण्यास साहाय्य करते. कोणास काय हवे, हे धमनीतील रक्ताच्या तपासणीवरून ठरते. शेजाऱ्याच्या यंत्रावरून नव्हे. रक्तातील प्राणवायू फारच घटलेल्या रुग्णांना तो दिवसातून किमान 15 तास दिल्यास आयुष्य वाढते, हे 1980-81 च्या सुमारास अमेरिका व ब्रिटनमधील अभ्यासांनी दाखविले. मध्यम घट असलेल्यांना मात्र असा लाभ होत नसल्याचे 2016 च्या अमेरिकी अभ्यासात आढळले. तेव्हा हा खर्च सर्वांनीच करण्याजोगा नाही.

कॉन्सन्ट्रेटर भरावा लागत नाही, पण वीज गेली की थांबतो. म्हणून भरलेले सिलिंडर जवळ असणे श्रेयस्कर. दीड हजार लिटरचे सिलिंडर मिनिटाला 2 लिटर या गतीने साडेबारा तास पुरते.

सर्वांत मोठा धोका मायेपोटी घडतो. धाप लागली की घरचे लोक प्रवाह वाढवितात. परंतु काही रुग्णांत जादा प्राणवायूने कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते. सामान्यतः अशा रुग्णांत ऑक्सिमीटरवरील आकडा 88 ते 92 दरम्यान राखतात. तो 98 व्हावा, हा आग्रह घातक ठरू शकतो. प्राणवायू चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती वा शेगडीही नसावी.

2021 च्या लाटेत ठिकठिकाणी दानरूपाने आलेली अनेक यंत्रे आज कपाटांत पडून आहेत. ती रुग्णाच्या घरी देण्यापूर्वी गाळण्या बदलून प्राणवायूची शुद्धता मोजून घ्यावी. जुने यंत्र आवाज करीत चालू राहते आणि नळीतून मात्र साधीच हवा येत असते.