हॅचरीतली हवा

नाशिक जिल्ह्यात करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या शेडवर गाडी येते, तेव्हा पिल्लू जेमतेम एका दिवसाचं असतं. आठवड्याच्या आतच काही पिल्लं पेंगू लागतात, पोट फुगतं, मर सुरू होते. दोष खाद्यावर नाहीतर पाण्यावर जातो. पुष्कळदा मूळ मात्र पिल्लं उबवणाऱ्या हॅचरीच्या हवेत असतं.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. थंड खोलीतली अंडी पावसाळ्यात एकदम दमट हवेत आणली, की त्यांना घाम सुटतो आणि त्या ओलाव्यातून जंतू आत शिरतात. इगतपुरीच्या बाजूला पावसाळाभर ही काळजी घ्यावीच लागते.

18 दिवस अंडी सेटरमध्ये, म्हणजे उबवण यंत्रात, 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतात, शेवटचे 3 दिवस हॅचरमध्ये. खरी कसोटी इथेच. कवच फुटतं, पिल्लं सुकू लागतात आणि त्यांच्या अंगावरची बारीक लव पंख्याच्या वाऱ्याने सगळीकडे उडते. एखादं सडकं अंडं आत फुटलं असेल, तर त्यातले ई. कोलाय जंतू या लवेबरोबर सगळ्या ट्रेंमध्ये पोचतात. पिल्लाची बेंबी अजून मिटलेली नसते. तिथून हे जंतू थेट पोटातल्या बलकात उतरतात. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे कण श्वासावाटे फुप्फुसात जातात.

म्हणून हवा अंड्यांच्या खोलीकडून पिल्लांच्या खोलीकडेच वाहायला हवी. ती उलटी फिरली, तर फरशीवर कितीही जंतुनाशक ओता, उपयोग नाही.

हवेची परीक्षा सोपी आहे. अगर घातलेली पेट्री डिश हॅचरमध्ये काही मिनिटं उघडी ठेवायची, मग झाकून उबेत ठेवायची. एक-दोन दिवसांत तिच्यावर ठिपके उगवतात, ते मोजायचे. ही नोंद दर खेपेला ठेवली, तर स्वच्छता कुठे ढिली पडली ते आकड्यांतच दिसतं.

हे जंतू मारायला धुरी देण्याचं जुनं प्रमाण 100 घनफुटांना 40 मिलिलिटर फॉर्मेलिन आणि 20 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट असं आहे. पण घाणीच्या थराखालचे जंतू धुरीने मरत नाहीत. आधी घासून धुणं आलंच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मेलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणारं ठरवलं आहे. कामगाराला मास्कशिवाय त्या खोलीत पाठवणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

2006 च्या फेब्रुवारीत नाशिक विभागातल्याच नवापुरात बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तो विषाणू होता, वाटही वेगळी. पण तेव्हापासूनची सावधगिरी शेडच्या फाटकाशीच थांबू नये.

शेतकरी बंधुभगिनींनी पिल्लं उतरवून घेताना प्रत्येक खोक्यातली चार-पाच उलटी करून बेंबी पाहावी. ओली, काळपट दिसली तर त्याच दिवशी हॅचरीला कळवावं आणि मेलेलं पिल्लू फेकून न देता पशुवैद्यकाकडे तपासायला न्यावं.