हजेरीची पाच मिनिटं

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं आपल्या राज्यात २०२४मध्ये ठरलं. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. चांगलं झालं. पण घंटा झाल्यावर पुढे काय? परिपाठ होतो: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. तो हवाच. पण त्यात मूल स्वतःचं असं काही बोलत नाही. मग वर्गात 'हजर, हजर' संपतं न संपतं तोच फळ्यावर हातच्याची बेरीज. मला बोलायचंय ते या हजेरीबद्दल.

कणीक मळली की लगेच कुणी लाटायला घेत नाही. झाकून ठेवतो, मुरू देतो. घाई केली तर पोळी आक्रसते, कडा चिरतात आणि आपण नावं ठेवतो गव्हाला. कुणी म्हणेल, भाकरीचं पीठ तर मळल्या मळल्या थापावं लागतं. खरंय. काही मुलं तशीही असतात, आल्या आल्या पाटी काढणारी. पण कोणतं मूल कशाचं पीठ, हे हात लावल्याशिवाय कळायचं कसं?

मी दुसरीच्या वर्गात हजेरी घेताना विचारायचे, "येताना काय पाहिलंस?" एका शब्दात सांगायचं. कुणी म्हणे म्हैस, कुणी धुकं. सांगावंसं वाटलं नाही तर नुसतं 'हजर', बळजबरी नाही. दिवाळीनंतर एका सकाळी एक मुलगा म्हणाला, "ट्रॅक्टर." त्याचे आईवडील पहाटेच ऊसतोडीला गेले होते. आता हंगाम संपेपर्यंत घरी फक्त आजी. त्या दिवशी त्याला पाढे विचारले नाहीत, जवळ बसवून घेतलं. 'हजर' एवढंच ऐकलं असतं, तर पाढे चुकले म्हणून मी रागावले असते त्याला.

वेळ कुठे आहे, असं म्हणू नका हो! तीस मुलं, प्रत्येकी दहा सेकंद, झाली पाच मिनिटं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तिथं मुलांची आंघोळ, केस विंचरणं हासुद्धा शाळेचाच भाग होता. आपल्याला तर नुसतं ऐकायचंय.

पुन्हा सांगते, परिपाठ बंद करू नका, हजेरी बदला. मुलाच्या शब्दाला गुण देऊ नका, तो चारचौघांत चघळू नका. एवढंच करा उद्या: नाव पुकारलं की मान हजेरीपटात घालू नका. आधी मुलाकडे बघा, मग खूण करा.