बांधकाम व्यावसायिक आणि इंटरनेट



बांधकाम व्यवसायात इंटरनेटचा वापर ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. या कायद्याच्या कक्षेतील गृहप्रकल्पाची नोंदणी 'महारेरा'च्या संकेतस्थळावर झाल्याखेरीज विकासकाला सदनिकांची जाहिरात वा विक्री करता येत नाही. मंजुऱ्या, नोंदविल्या गेलेल्या सदनिका व कामाची प्रगती ही माहिती दर तिमाहीस तेथे अद्ययावत करणेही बंधनकारक आहे.

काही विकासक हे सारे काम सल्लागारावर सोपवून मोकळे होतात. परवलीचा शब्दही त्याच्याच हाती राहतो. माहिती चुकीची निघाल्यास उत्तरदायित्व मात्र विकासकाचेच असते.

ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. ती काढण्यापूर्वी झालेले काम अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांनी प्रमाणित करावयाचे असते. म्हणून अभियंत्यानेही हे माध्यम आत्मसात केले पाहिजे.

प्रारंभ सोपा आहे. प्रथम आपल्याच तालुक्यातील एखाद्या नोंदणीकृत प्रकल्पाचे पान वाचावे. नंतर आपल्या प्रकल्पाचे पान मंजूर नकाशे व प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहावे. परवलीचा शब्द स्वतःपाशीच ठेवावा.

शिक्षक व पंचायत सदस्यांनीही नागरिकांना ही पाने वाचावयास शिकवावे. आयुष्याची पुंजी घरात घालणाऱ्या कुटुंबाला पैसे देण्यापूर्वीच कामाची खरी स्थिती कळावी, यातच या साधनाची सार्थकता आहे.